वहीत एकच ओळ: दवाखाना, ४,२००

आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. लहानपणी मला वाटायचं, ऊस तोडणाऱ्या माणसांचे हात असेच असतात, कारण आमच्या टोळीत आणखी दोघांची बोटं अशीच गेलेली होती. डाव्या हाताने ऊस धरायचा, वाकून बुडाशी कोयता मारायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं आणि टिपरू मागे टाकायचं. दिवसातून हजारो वेळा. उजवा हात एकदा चुकला की डावा भोगतो.

जानेवारी २००२. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका फडात, पहाटे साडेपाचच्या सुमाराला. धुकं होतं, पात्यांवर दव होतं, मूठ निसटली. मी नऊ वर्षांची, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बांधावर बसलेले. मायने पदर फाडून हात आवळून बांधला आणि मला कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, हळद आणायला पळवलं. टोळी घेऊन आलेल्या मुकादमाने आबांना मोटारसायकलवर बसवून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. एक बोट तिथेच काढलं. दुसरं आठवड्याने काळं पडलं, मग तेही काढलं. अकरा दिवस माय एकटी तोडत होती आणि अर्ध्या कोयत्याचा, म्हणजे जोडीतल्या एकाच माणसाचा, हिशेब लागत होता. बाराव्या दिवशी आबा हाताला फडकं गुंडाळून मोळ्या वाहायला उभे राहिले.

आमचं गाव धारूरच्या डोंगरात. बालाघाटाच्या या माळावर पाऊस कमी, जमीन हलकी. दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात आणि दिवाळीनंतर फक्त म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली लेकरं उरतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई: बीड जिल्ह्यातला एकही तालुका असा नाही, जिथून माणसं कारखान्याला जात नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची गाळपं या माणसांच्या मनगटावर चालतात. मी त्यांतल्याच एका कोपीत वाढले, मजुरांच्या लेकरांसाठीच्या साखरशाळेत अक्षरं गिरवली, पुढे वसतिगृहात राहून शिकले आणि वकील झाले. आता केज-अंबाजोगाईकडे वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं कापलेल्या, चेंगरलेल्या, मोडलेल्या हातापायांची असतात.

सनद मिळाल्यावर पहिल्यांदा मी आमच्या जुन्या मुकादमाकडे गेले. ते आबांच्या नात्यातलेच. मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी पत्र्याची पेटी उघडून २००१-०२ च्या हंगामाची वही काढली. आबांच्या नावाच्या पानावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, होती, भरलेला माल होता आणि मध्येच एक ओळ होती: ‘दवाखाना ४,२००. खाडा ११.’ बाकी कुठेच काही नाही. कारखान्यात नोंद नाही, पोलिसात नाही, सरकारी दवाखान्यात नाही. माझ्या बापाची दोन बोटं गेली, याचा जगातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे त्याच्याच अंगावर चढवलेलं हे कर्ज. ते फिटायला पुढचे दोन हंगाम गेले.

काकांना मी दोष देत नाही. त्यांनी माणसाला दवाखान्यात नेलं, खिशातून पैसे भरले आणि त्यांना ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने ते लिहून ठेवले. तेही कारखान्याच्या पैशाखाली दबलेले होते. पण त्या ओळीचा खरा हिशेब मी नंतर कायद्याच्या पुस्तकातून मांडला, तो सांगते.

कामावर असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, असा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. तो १ जुलै १९२४ ला अमलात आला. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणायचे, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढं दाखवलं की पुरे. कायद्याला जोडलेल्या यादीत शरीराच्या अवयवांपुढे टक्के लिहिलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. चार बोटं, ५० टक्के. अख्खा पंजा, ६० टक्के. उसाचं पातं डोळ्यात जाऊन एका डोळ्याची नजर गेली तर ३० टक्के. माणसाची अशी टक्क्यांत वाटणी वाचताना पहिल्यांदा मला शिसारी आली होती. आता तीच यादी मला पाठ आहे आणि तिच्याशिवाय माझं काम चालत नाही.

दुसऱ्या एका तक्त्यात वयाप्रमाणे आकडे आहेत. पस्तिशीला १९७.०६, तिशीला २०७.९८. वय जितकं कमी तितका आकडा मोठा, कारण पुढे काम करायची वर्षं जास्त. महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के काढायचे, वयाच्या आकड्याने गुणायचे आणि जो अवयव गेला त्याचे टक्के घ्यायचे. आबा तेव्हा ३५ वर्षांचे होते. त्यांची मजुरी महिना २,००० रुपये धरली, तर १,२०० गुणिले १९७.०६ म्हणजे २,३६,४७२. त्याचे २० टक्के ४७,२९४ रुपये. हे पैसे त्यांचे होते. मिळायचे होते ४७,२९४ आणि अंगावर चढले ४,२००.

दावा करायची मुदत दोन वर्षांची. ती जानेवारी २००४ मध्ये संपली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आजचे आकडे लावून बघू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ झाला. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर माणशी ३६६ रुपये पडतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ९,५१६. तीस वर्षांच्या बाईचा अंगठा गेला, तर याच हिशेबाने तिची भरपाई ३,५६,२४५ रुपये होते. हिशेबात धरायच्या मजुरीला २०२० पासून महिना १५,००० रुपयांची मर्यादा आहे. तिशीच्या माणसाचा जीव गेला आणि पूर्ण १५,००० मजुरी धरली गेली, तर पन्नास टक्क्यांच्या सूत्राने वारसांना १५,५९,८५० रुपये मिळायला हवेत. शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा, पावत्या दाखवून. आणि हाडं मोडून माणूस दोन-तीन महिने अंथरुणाला खिळला, नंतर बरा झाला, तर तेवढ्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के. ही शेवटची तरतूद आमच्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे त्या काळाला फक्त ‘खाडा’ हा शब्द आहे.

वरच्या हिशेबात मी ‘तीस वर्षांच्या बाईचा’ असं मुद्दाम म्हटलं. कारण तिथेच खरी अडचण आहे. कोयता म्हणजे जोडी. उचल नवऱ्याच्या नावाने, भरलेला माल नवऱ्याच्या नावाने, वहीतलं पान नवऱ्याचं. बाई वाढे बांधते, मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. जिथे मोळ्या अशा डोक्यावरून वाहतात त्या डोकी सेंटरवर रात्री दोनला गाडी भरायला आली, तर उठून पुन्हा फळी चढते. फळीवर पाय घसरून ती खाली पडली, मणका दुखावला आणि प्रकरण कोर्टात गेलं की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो: ही बाई कामाला होती याला पुरावा काय? मायने बावीस हंगाम केले. तिचं नाव एकाही कागदावर नाही.

बायकांचं दुखणं तर अपघात म्हणूनही मोजलं जात नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गदारोळ उठला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ बायकांची पाहणी आली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा पडू नये, दंड लागू नये म्हणून हे दुखणं कायमचं काढून टाकायचं, हा विचार त्यामागे किती घरांत झाला असेल, ते मी माझ्या मावश्यांच्या तोंडून ऐकलं आहे. भरपाईच्या कायद्यात व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. कापसाच्या धुळीने, शिशाने, अशा गोष्टींनी होणारे आजार तिच्यात आहेत. उसाच्या फडातल्या बाईचं दुखणं त्यात नाही. ते त्यात असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आता मालक कोण, हा प्रश्न. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ, ऊस कारखान्याचा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी, मजूर आमचे नाहीत. ठेकेदार म्हणतो, माणसं मुकादमाने आणली. शेतकरी म्हणतो, मी फक्त ऊस लावला. मजुराने कोणाचं दार वाजवायचं? कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे. आपल्या धंद्याचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडून करून घेणारा मुख्य मालक, त्या ठेकेदाराच्या माणसांच्या भरपाईला स्वतः जबाबदार असतो. त्याने आधी मजुराला पैसे द्यायचे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे. म्हणून मी अर्जात मुकादम, ठेकेदार आणि कारखाना अशा सगळ्यांना सामनेवाले करते. कोणाला वगळायचं ते कोर्ट ठरवील.

यात एक खाच आहे आणि कारखान्यांचे वकील तिच्यावर बोट ठेवतात. अपघात मुख्य मालकाच्या ताब्यातल्या किंवा त्याने जिथे काम घेतलं आहे त्या जागेत झालेला असावा लागतो. फड तर शेतकऱ्याचा. त्यावर आमचं म्हणणं असं, की उसाची नोंद कारखाना घेतो, कोणत्या फडाला कधी कोयता लावायचा ते कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं, चिठ्ठीबॉय कारखान्याचा, गाडीला लागणारी चिठ्ठी कारखान्याची, वजनकाटा कारखान्याचा. त्या दिवशी त्या फडावर हुकूम कारखान्याचाच चालतो. हे म्हणणं टिकवायचं तर कागद लागतो. म्हणून वजनाच्या पावत्या आणि चिठ्ठ्या फेकू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा, हे मी दर दसऱ्याला गावोगाव सांगते. पाण्याची बाटली झाकायला वापरलेली चिठ्ठी मी एकदा पुराव्यात दाखल केली आहे.

ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा ट्रक भरताना वा रिकामा करताना झालेले अपघात यापेक्षा सोपे असतात. यंत्राने चालणाऱ्या वाहनात माल भरणारे आणि उतरवणारे लोक कायद्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. ट्रॅक्टरच रस्त्यावर उलटला, मागून गाडीने धडक दिली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करायचा दुसरा रस्ताही आहे. तिथे भरपाईचा हिशेब पुष्कळदा जास्त निघतो. पण दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एक निवडावा लागतो. आणि मोटार अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहाच महिन्यांची मुदत लिहिली आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा. माणूस हंगाम संपवून, घरी येऊन, मग वकिलाकडे जायचं म्हणतो तोवर ती संपत आलेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पहिल्या दोन दिवसांत. खासगी डॉक्टर टाके घालतो, पैसे घेतो, साध्या चिठोऱ्यावर गोळ्या लिहून देतो. अपघात कसा झाला ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी सरकारी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्र असो, ग्रामीण रुग्णालय असो, १०८ ची गाडी बोलवा. तिच्या फेरीचीही नोंद राहते. केसपेपरवर ‘ऊस तोडताना कोयता लागून’ किंवा ‘ट्रॉली भरताना पडून’ असे शब्द लिहून घ्या. जखम मोठी असेल तर डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा, म्हणजे पोलिसांकडे खबर जाते. मग फडाचा फोटो, गट नंबर, गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, ज्या गाडीत माल भरत होता तिचा नंबर, शेजारी तोडणाऱ्या दोघांची नावं. हे सगळं आता मोबाइलवर पाच मिनिटांत होतं. आबांच्या वेळी मोबाइल नव्हता. आता आहे, तरी होत नाही. कारण त्या क्षणी कोणाच्या मनात कोर्ट नसतं, रक्त असतं. म्हणून हे काम टोळीतल्या एका शिकलेल्या पोराकडे आधीच सोपवून ठेवायला हवं.

दुसरं, मालकाला लेखी कळवणं. साध्या कागदावर चार ओळी पुरतात: माझं नाव, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक काम करताना मला अशी दुखापत झाली. एक प्रत मुकादमाला, एक स्पीड पोस्टाने कारखान्याच्या पत्त्यावर, पोचपावती जपून. नोटीस राहून गेली आणि मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं, तर दावा बुडत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर तोही माफ होऊ शकतो. पण कागद असेल तर एवढं झगडावं लागत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या जिल्ह्यासाठी सोन्याची आहे. अपघात बेळगाव जिल्ह्यात झाला किंवा कोल्हापुरात, तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो. १९९५ च्या दुरुस्तीने हे झालं. त्याआधी माणसाने कर्नाटकातल्या तालुक्याच्या कोर्टात तारखांना जायचं म्हणजे दावा सोडून देणंच होतं. आता कामगार न्यायालयात, जिथे ते नाही तिथे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे, आयुक्त म्हणून हे काम चालतं. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका.

आता एका बाईबद्दल सांगते. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. वय २७, दोन मुली. नवरा ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या मध्ये पिन लावताना चेंगरून गेला. तिसऱ्याच्या दिवशी मुकादम, गावातले दोघे प्रतिष्ठित आणि एक तयार टाइप केलेला बाँड पेपर तिच्या दारात आला. एक लाख रुपये रोख, त्यातून नवऱ्याची उरलेली उचल वजा. खाली ओळ: ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.’ तिने अंगठा दिला. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं, आता सगळं संपलं, अंगठा दिला आहे.

काही संपलेलं नव्हतं. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा कोणताही करार कायद्यापुढे रद्दबातल असतो. आणि मृत्यूच्या प्रकरणात पैसे थेट वारसाच्या हातात देऊन मालक सुटतच नाही. रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. आयुक्त वारस कोण कोण आहेत ते बघतात, लहान मुलांचा वाटा बँकेत बांधून ठेवतात. जगात विधवेच्या दारात बाँड घेऊन जाणारी माणसं असतात, हे कायदा लिहिणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. मी तिला विचारलं, ‘दावा लावायचा का?’ ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, माझा दीर त्याच मुकादमाकडं हाय. त्याची उचल बंद झाली तर घर कसं चालंल?’

यावर माझ्याकडे कायद्याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. कायदा माणसाला एकेकट्याने धरतो आणि टोळी तर भाऊ, दीर, मेव्हणे, साडू यांची असते. तिने पाच महिने विचार केला आणि दीरानेच तिला माझ्याकडे परत आणलं. दावा चालू आहे.

चालू आहे, असं म्हणताना मला दमायला होतं. कायदा म्हणतो, आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा. कायदा म्हणतो, मालकाने महिन्याच्या आत पैसे भरावेत, नाहीतर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. प्रत्यक्षात काय होतं ते शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या प्रकरणात दिसतं. एका साखर कारखान्याचा वॉचमन एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. २००९ मध्ये बायकोला आणि मुलांना ३,२६,१४० रुपये मंजूर झाले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण तो अजून कामावर पोचला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरून कामाला जाताना झालेला अपघात, कामाशी त्याचा वेळेचा आणि जागेचा संबंध असेल तर, कामावरचाच अपघात धरायचा. बावीस वर्षं. त्या बाईने ही बावीस वर्षं कशी काढली असतील, हे निकालपत्रात नाही. पण तिच्या चिकाटीमुळे आज पहाटे फडाकडे निघालेल्या ट्रॉलीतल्या माणसासाठी मला बोलता येतं.

असाच आणखी एक निकाल मी खिशात घेऊन फिरते, १९७५ चा. ओडिशातला एक सुतार सिनेमागृहाच्या कामावर पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. यादीप्रमाणे टक्के कमी होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हा माणूस आपल्या कामाला १०० टक्के निकामी झाला. ऊस तोडणाऱ्याला दोन्ही हात लागतात, हे न्यायाधीशांना समजावताना मी आबांच्या हाताचा अभिनय करून दाखवते: डाव्याने धरणं, उजव्याने मारणं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. भरपाईची मूळ चौकट तीच राहिली आणि घरून कामाच्या जागी जाण्यायेण्यातला अपघात आता संहितेच्या मजकुरातच आला. आमच्या माणसांना कलमांचे नंबर पाठ करायची गरज नाही. हक्क गेलेला नाही, एवढं कळलं तरी चालेल.

भरपाई आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत मात्र होते. स्वतःच्या नावावर किंवा घरात सातबारा असेल तर शेतकऱ्यांसाठीची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तोही लवकर. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या, बायकोचं वेगळं, तिच्या नावाने. योजनेसाठी ते लागेलच, पण मला ते कोर्टासाठी हवं असतं. ज्या पुराव्याअभावी मायसारख्या बाया मजूर ठरत नाहीत, तो पुरावा या एका कार्डाने थोडातरी उभा राहतो.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. ८ डिसेंबर २०१७ ला परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली आणि कामगार भाजून मेले. साखर कारखाने हंगामी धरले जातात, म्हणून राज्य कामगार विम्याच्या तरतुदींतून साखर आणि गूळ बनवण्याचं काम वगळलेलं आहे. म्हणजे आतला माणूस असो की फडातला, शेवटी दोघांना भरपाईच्या याच दारात यावं लागतं.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन वाजला. पाटोद्याकडच्या टोळीतला पोरगा, वय एकोणीस-वीस. ‘ताई, माझ्या मामाच्या नडगीला कोयता बसलाय. लई खोल. मुकादम म्हणतोय ओळखीच्या डॉक्टरकडं चला.’ मी म्हटलं, ‘नको. १०८ ला फोन लाव, ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. केसपेपरवर काय लिहून घ्यायचं ते दसऱ्याला सांगितलंय, ध्यानात हाय ना?’ तो हो म्हणाला. तासाभराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मी मोठा करून बघितला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘घरी पडून जखम.’ मी त्याला लगेच फोन लावला आणि परत आत पाठवलं. पावणेअकराला दुसरा फोटो आला. जुनी ओळ खोडलेली होती, शेजारी डॉक्टरांची सही होती आणि खाली नवी ओळ होती: ऊस तोडताना, कोयत्याने, उजवी नडगी. त्याखाली फडाच्या गावाचं नावही होतं. ते मी त्याला सांगायचं विसरले होते.